लग्नपत्रिकांच्या कामाचा जुना पीसी: रॅम तीच ठेवून बोर्ड-प्रोसेसर कुठला घ्यावा?

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी घरूनच डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांची प्रमाणपत्रं, अधूनमधून एखादी स्मरणिका. पीसी २०१७ मध्ये असेम्बल करून घेतलाय. आय३ ६१०० प्रोसेसर, एच११० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची हार्डडिस्क, जीटी ७१० ग्राफिक कार्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) साधाच आहे, वर ४५० वॅट लिहिलंय. मॉनिटर व्हीजीएवाला.

आता कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चार पानी पत्रिका उघडली आणि त्यात मोठा गणपतीचा फोटो असला की मशीन एवढं अडकतं की गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि मी नुसती ते गोल फिरणारं चक्र बघत असते. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले. ११ टाकायला गेले तर हा प्रोसेसर चालत नाही असं येतं.

गावातल्या दुकानदाराने सांगितलं की जुना वापरलेला आय५ ८४०० मिळतोय, सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) सेम आहे, नुसता प्रोसेसर बदला, काम होईल. दुसऱ्याने सांगितलं सगळंच टाकून द्या. बजेट २५ हजार, फार ओढून ३०. मुलगी यंदा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, तीही ऑटोकॅड करेल. गेम कोणी खेळत नाही. उन्हाळ्यातली लगीनसराई सुरू व्हायच्या आत हे उरकायचंय. काय करू?

सोल्डरगन

ताई, आधी एक काम करा, त्या आय५ ८४०० ला पैसे देऊ नका. दिले असतील तर परत मागा.

सॉकेटचं नाव सेम आहे हे खरंय, दोन्ही एलजीए ११५१. पण इंटेलने आठव्या जनरेशनला पिनांची मांडणी बदलली, आधी ज्या पिना राखीव सोडलेल्या होत्या त्यातल्या बऱ्याच पॉवर आणि ग्राउंडला लावल्या, कारण कोअर वाढले. त्यामुळे सहावी-सातवी जनरेशन १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डावर आणि आठवी-नववी ३०० सिरीजच्या बोर्डावर, असे दोन कप्पे झाले. प्रोसेसर खाचेत व्यवस्थित बसेल, कुलूप लागेल, आणि डिस्प्ले येणार नाही. माझ्याकडे असे प्रोसेसर घेऊन दर महिन्याला कोणीतरी येतं, प्रत्येकाला हेच सांगितलेलं असतं की सॉकेट सेम आहे.

तुमच्या बोर्डावर जास्तीत जास्त आय७ ७७०० बसेल. पण सातवी जनरेशनही विंडोज ११ च्या यादीत नाही (एकदोन अपवाद आहेत, ते तुमच्या कामाचे नाहीत). म्हणजे पैसे घालून परत तिथेच.

मृगजळ

माझं मत वेगळं आहे. आत्ता २५ हजार घालायची गरजच नाहीये. एक साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच वायरीला लागणारी वेगवान डिस्क) टाका, ८ जीबीची अजून एक पट्टी टाका, आणि विंडोज १० चं ईएसयू (मुदतीनंतरचे जादा सिक्युरिटी अपडेट) घ्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ते फुकट मिळतं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येत राहतात. मशीन अडकतंय त्यातलं अर्ध्याहून जास्त हार्डडिस्कमुळे आहे. हार्डडिस्कवरून विंडोज चालवणं म्हणजे बैलगाडीतून पत्रिका वाटणं. एसएसडी टाकून बघा आणि मग ठरवा.

सोल्डरगन

@मृगजळ एसएसडीबद्दल शंभर टक्के सहमत, पैशाला सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. पण ऑक्टोबरला परत हाच प्रश्न येणार, आणि दोन कोअरवर मुलीचं ऑटोकॅड आणि यांचं कोरल किती ओढणार? यांचं पोट या मशीनवर आहे. आता एकदाच नीट केलं तर चारपाच वर्षं बघायला नको. आणि एसएसडी घ्यायचीच तर नव्या बोर्डाच्या हिशोबाने घ्यावी, एच११० च्या बहुतेक बोर्डांना एम डॉट टू चा, म्हणजे एसएसडी थेट बोर्डावर बसवायचा, स्लॉटच नाही.

देशावर

एक विचारू का, ती रॅम नक्की डीडीआर४ च आहे ना? एच११० ची बोर्डं डीडीआर३ वाली पण यायची. सहाव्या जनरेशनला दोन्ही चालायचं. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे बघा. सगळं गणित त्याच्यावर आहे.

अक्षरजुळणी

बघितलं. स्पीड २१३३ दाखवतंय, स्लॉट २ पैकी १ वापरलाय. कॅबिनेट उघडून पट्टीवरचं स्टिकर पण वाचलं, पीसी४ आणि २४०० लिहिलंय. मग २१३३ का दाखवतंय?

देशावर

पीसी४ म्हणजे डीडीआर४. सुटलात! पट्टी २४०० ची आहे पण आय३ ६१०० चा मेमरी कंट्रोलर २१३३ पर्यंतच जातो म्हणून ती खाली चालतेय. नव्या बोर्डावर आपोआप २४०० ला चालेल.

आणि ही पट्टी आता जपा. गेल्या वर्षी जी ८ जीबीची पट्टी मी सहज घेतली होती तिचा भाव परवा विचारला तर दुपटीच्या वर. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी एवढी वाढलीय की कंपन्या कारखाने तिकडे वळवतायत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशल नावाने ग्राहकांना रॅम-एसएसडी विकणं बंद करणार. त्यामुळे जे लोक "डीडीआर५ घ्या, फ्युचर प्रूफ" म्हणतात त्यांचं या बजेटमध्ये ऐकू नका. डीडीआर५ घेतली की ही पट्टी घरात पडून राहणार आणि सगळी रॅम आजच्या भावाने नवी घ्यावी लागणार. दोन्हीला पिना २८८ च आहेत पण मधली खाच वेगळ्या जागी आहे, एकमेकांत बसतच नाहीत.

म्हणून मी तरी उलटीकडून विचार करतो. प्रोसेसर कुठला ते नंतर. घरात काय राहणार ते आधी ठरवायचं. तुमच्याकडे डीडीआर४ राहणार, मग मुख्य दोनच वाटा उरतात. एक, एएमडीचा एएम४ सॉकेट, तिथे सगळंच डीडीआर४. दुसरी, इंटेलचा एलजीए १७००, पण तिथे बोर्ड बघून घ्यावा लागतो कारण एच६१० मध्ये डीडीआर४ ची पण बोर्डं आहेत आणि डीडीआर५ ची पण, नावं जवळजवळ सारखी, शेवटी कुठेतरी डी४ असतं किंवा तेही नसतं. खोक्यावर वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

निळासावळा

+१. हा उलटीकडून विचार मला कोणी आधी सांगितला असता तर माझे सहा हजार वाचले असते. मी बोर्ड डीडीआर५ चा आणला होता, पट्ट्या डीडीआर४ च्या. सील फोडलेलं म्हणून दुकानाने परत घेतला नाही.

कोल्हापुरी_गूळ

ताई, मीपण डीटीपीवालाच, कोल्हापूरला वीस वर्षं. पार्टचं ही मंडळी सांगतील, मी धंद्याचं सांगतो. तुमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर (पोर्टला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालतं का? चालत असेल तर बोर्ड घ्यायच्या आधी डोंगल बघा. जुना डोंगल प्रिंटर पोर्टचा असेल तर नव्या बोर्डाला तो पोर्टच नाही. यूएसबीचा असेल तरी विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिटचा लागतो. तुमचं आत्ताचं विंडोज ३२ बिट असेल तर आज चालतंय ते उद्या चालेलच असं नाही. प्रिंटरचंही तेच.

मी पाच वर्षांपूर्वी सगळं नवं घेतलं, चकाचक, आणि संध्याकाळी कळलं की डोंगलचा दिवा लागत नाही. तीन पत्रिकांच्या ऑर्डरी होत्या. जुनं मशीन परत जोडून रात्रभर काम केलं. जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, त्यामुळे जुन्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, हे तुम्हाला माहीतच आहे. फॉन्टचा फोल्डर आणि सीडीआर फायली आधी दोन ठिकाणी कॉपी करा.

अक्षरजुळणी

कोल्हापुरी दादा, खूप खूप आभार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डोंगल यूएसबीचा आहे. विंडोज ६४ बिट आहे (सिस्टीम टाइपमध्ये बघितलं). कंपनीला फोन केला, त्यांनी ११ साठी नवा ड्रायव्हर आहे म्हणून सांगितलं आणि लिंक पाठवली. मुलीच्या लॅबमधल्या विंडोज ११ च्या मशीनवर सरांना विचारून लावून पण बघितला, दिवा लागला.

आता एएम४ की १७००?

मृगजळ

ठीक आहे, नवंच घ्यायचं तर मी म्हणेन आय३ १२१०० आणि एच६१० डीडीआर४. चार कोअर आठ थ्रेड, कोरल एका कोअरच्या वेगावर जास्त चालतं आणि तिथे तो चांगला आहे. फक्त १२१००एफ घेऊ नका. एफ म्हणजे आतलं ग्राफिक नाही, बोर्डाच्या एचडीएमआयला वायर लावून बसाल आणि स्क्रीन काळी.

देशावर

मी एएमडीचा रायझन ५ ५६००जी म्हणेन, ए५२० बोर्डावर. सहा कोअर बारा थ्रेड, आतलं वेगा ग्राफिक जीटी ७१० च्या कितीतरी पुढे आहे. ऑटोकॅडला पहिल्या वर्षी पुरून उरेल. मुलगी पुढे थ्रीडी करायला लागली तर तेव्हा ग्राफिक कार्ड बघता येईल.

पण एक अट. आतलं ग्राफिक सिस्टीमचीच रॅम वापरतं. एकच पट्टी ठेवली तर सिंगल चॅनल होतं आणि त्याचं बरंच बळ जातं. त्यामुळे ८ ची दुसरी पट्टी घ्याच. ३२०० ची घेतली तरी दोन्ही मिळून २४०० ला चालतील, जी हळू तिच्या वेगाने. चालेल. कामापुरतं चालेल.

बघा, दोन्ही वाईट नाहीत. स्थानिक दुकानात ज्याचं पक्कं बिल आणि वॉरंटी मिळते ते घ्या.

सोल्डरगन

५६००जी ला माझंही मत. कारण कोअर दोन जास्त, आणि कूलर खोक्यात येतो. ट्रे वाला (खोक्याशिवाय सुटा) प्रोसेसर स्वस्त देतील, त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. १७०० ला तुमचा जुना कूलर बसत नाही, भोकांचं अंतर ७५ मिलीमीटरचं ७८ झालंय, एएम४ ला तर मांडणीच वेगळी.

बोर्ड घेताना कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. प्रोसेसरच्या नावासमोर बायोसचं (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) व्हर्जन लिहिलेलं असतं. ए५२० आता जो माल येतो त्यात ५६००जी बहुतेक सरळ चालतो, पण बी४५० चा जुना शिल्लक माल कोणी स्वस्तात गळ्यात मारला तर आत जुना बायोस असू शकतो, मग नवा प्रोसेसर ओळखायला आधी जुना प्रोसेसर लावून अपडेट करायचा, ते घरी होत नाही. दुकानातच चालू करून दाखवायला सांगा. ५६००जीटी देतो म्हणाले तर घ्या, हरकत नाही, पण तो जानेवारी २०२४ चा आहे, त्याला बायोस अजून नवा लागतो.

आता महत्त्वाचं. एसएमपीएसच्या स्टिकरवर तक्ता असतो. +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते वाचा.

अक्षरजुळणी

+१२व्ही खाली १४ए लिहिलंय.

सोल्डरगन

१२ गुणिले १४, १६८ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंखे सगळं १२ व्होल्टवरच चालतं, म्हणजे तुमचा ४५० वॅटचा एसएमपीएस खरा १६८ वॅटचा आहे. ग्राफिक कार्ड नसेल तर हे मशीन कागदावर त्याच्यावर चालेल, पण मी लावणार नाही. आठ वर्षं झालीत, आतले कपॅसिटर सुकलेले असणार, आणि हा मेला की एकटा मरत नाही, बोर्ड घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा ४५० किंवा ५५० वॅटचा, ८० प्लसवाला (वीज कमी वाया घालवणारा) घ्या. पुढे ग्राफिक कार्ड घेतलं तरी तोच चालेल. उरलेल्या पैशात बसत नसेल तर एसएसडी १ टीबीची ५०० जीबी करा, पण इथे काटकसर करू नका.

आणि घरातली अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का?

अक्षरजुळणी

येतात हो. पावसाळ्यात जास्त. मला वाटायचं सगळ्यांच्याच मशीनला येतात.

सोल्डरगन

नाही येत. वायरमनला बोलावून आधी ते करून घ्या. नवा बोर्ड त्या प्लगला लावू नका.

निळासावळा

यूपीएस आहे का? तिकडे लाइट जात असेल. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. ५६००जी, ग्राफिक कार्ड नाही, मॉनिटर, एवढ्याला आरामात पुरतो. लेझर प्रिंटर मात्र त्याला जोडू नका, तो गरम होताना एकदम ओढतो.

देशावर

व्हीजीए मॉनिटर राहिलाच की. ए५२० च्या स्वस्त बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांना मागे व्हीजीए अजून देतात, खोक्यावरचं चित्र बघून घ्या. नसेल तर एचडीएमआय ते व्हीजीए असं चिप असलेलं कन्व्हर्टर लागतं. पत्रिकेच्या रंगांसाठी पुढेमागे चांगला मॉनिटर घ्याच, पण ते आत्ता नको.

एसएसडी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकार) घ्या. एम डॉट टू मध्ये साटा आणि एनव्हीएमई दोन्ही दिसायला सारख्याच लांबीच्या असतात, नावात बघा. जेन४ ची मिळाली तरी चालेल, ५६००जी वर ती जेन३ च्या वेगाने चालेल, तुम्हाला तो फरक कळणार पण नाही. जुनी हार्डडिस्क बॅकअपला ठेवा. तिच्यावरचं विंडोज क्लोन करू नका, २०१७ चं इन्स्टॉल बहुतेक एमबीआरवर (डिस्क विभागायच्या जुन्या पद्धतीवर) असेल, विंडोज ११ ला यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) आणि जीपीटी (डिस्क विभागायची नवी पद्धत) लागतं. कोरं टाका. बायोसमध्ये एफटीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू आहे ना ते बघून मग.

मृगजळ

लायसन्सचं पण बघून ठेवा. मशीनबरोबर आलेलं ओईएम असेल तर ते जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, नव्यावर जाईलच असं नाही. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर आत्ताच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा.

अक्षरजुळणी

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय. मुलगी आणि मी पुण्याला जाऊन सामान आणलं. यादी तुम्ही सांगितलीत तीच: ५६००जी, ए५२० बोर्ड व्हीजीएवाला, ८ जीबीची एक पट्टी, ५०० जीबीची एनव्हीएमई, ४५० वॅटचा एसएमपीएस. बोर्डाची सपोर्ट लिस्ट मोबाइलवर उघडून दाखवली तर दुकानातल्या मुलाने स्वतःहून बोर्ड-प्रोसेसर जोडून बायोस दाखवला. ३० हजारांच्या आत बसलं. रॅमलाच सगळ्यात जास्त जीव गेला, देशावर यांचं खरं होतं, दोन पट्ट्या घ्याव्या लागल्या असत्या तर एसएसडी सोडून द्यावी लागली असती. वायरमननेही काम केलं, अर्थिंगची तार खांबाजवळच तुटलेली होती.

घरी आम्ही दोघींनीच जोडलं. आता अडचण अशी की बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डावरचा दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच नाही. पट्ट्या एकेक करून लावून बघितल्या. दोन तास झाले. उद्या दोन पत्रिका द्यायच्यात, जुनं मशीन सगळं उघडून ठेवलंय.

सोल्डरगन

घाबरू नका. प्रोसेसरच्या वरच्या बाजूला, बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात एक वेगळा पॉवरचा सॉकेट असतो, चार किंवा आठ पिनचा. त्यात वायर लावलीय का? २४ पिनची मोठी लावली की पंखे फिरतात, पण प्रोसेसरला वीज त्या कोपऱ्यातूनच जाते.

लावायची ती ४+४ वाली, तिच्यावर सीपीयू लिहिलेलं असतं. ६+२ वाली दिसते तशीच पण ती ग्राफिक कार्डाची, ती जोर लावून घुसवू नका, तिची वीज उलटी असते. बंद करून, प्लग काढून मगच लावा.

आणि अजून एक, तुमचा नवा बोर्ड जुन्यापेक्षा अरुंद असेल तर त्याच्याखाली कॅबिनेटचा एखादा पितळी स्क्रू रिकामा राहिलाय का बघा. तो बोर्डाला मागून टेकला तर शॉर्ट होतो.

अक्षरजुळणी

तीच वायर राहिली होती!! एसएमपीएसमधून निघणाऱ्या वायरींच्या गठ्ठ्यात मागे अडकली होती. आणि पितळी स्क्रूही एक निघाला उजवीकडे, काढून टाकला. आला डिस्प्ले. मुलगी ओरडली एवढ्या जोरात की शेजारच्या काकू बघायला आल्या.

देशावर

अभिनंदन! टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड किती येतोय?

अक्षरजुळणी

२४००, स्लॉट २ पैकी २. विंडोज टाकलं, फॉन्ट टाकले, डोंगलचा दिवा लागला. ती गणपतीच्या मोठ्या फोटोवाली पत्रिका मुद्दाम आधी उघडली, आधी मी तेवढ्या वेळात चहा टाकून यायचे, आता माउसवरचं बोट उचलेपर्यंत उघडली. दोन्ही पत्रिका रात्री साडेदहाला प्रिंटिंगला पाठवल्या. जुन्या बोर्ड-प्रोसेसरचं काय करता येईल? आय३ ६१०० चालू आहे अजून.

कोल्हापुरी_गूळ

विकू नका ताई, दोनतीन महिने तरी. तो एसएमपीएस नको, दुसरा कुठलातरी बरा लावून बाजूला जोडून ठेवा. लगीनसराईत एक मशीन बसलं तर दुसरं लागतं.